एवढ्याशा गोव्यात वसतिगृह कशाला?

प्रश्न : आम्ही कोरगावला राहतो. मुलगी विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयातून बी.ए. झाली आणि आता गोवा विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेते आहे. तिला वसतिगृहात राहायचे आहे. घरात सगळ्यांचे म्हणणे असे, की पेडण्याहून पणजी ती किती लांब? अख्खा गोवा एका दिवसात पाहून होतो. एवढ्याशा राज्यातल्या विद्यापीठाला वसतिगृह लागतेच कशाला? आणि पूर्वी आपल्याकडची मुले शिकायला बाहेर पडायची, तेव्हा ती राहायची कुठे? — एक पालक, कोरगाव (पेडणे)

उत्तर : घरच्यांनी किलोमीटर मोजले, त्यात चूक नाही. पेडणे ते पणजी तीस किलोमीटरच्या आसपास भरते. पण तुमची मुलगी पेडण्याच्या बाजारात राहत नाही आणि विद्यापीठही पणजीच्या बसस्टॅण्डवर नाही. कोरगावहून निघायचे, म्हापशाला उतरायचे, पणजीची बस धरायची, पणजीला पुन्हा उतरून ताळगावच्या पठारावर जाणारी बस शोधायची. वाटेत कोलवाळला शापोरा आणि पर्वरीचा उतार संपला की मांडवी, अशा दोन नद्या. प्रत्येक बदलाला थांबणे आले. सगळे जमून आले तरी जाऊन-येऊन तीन-चार तास सहज जातात, आणि आषाढातल्या पावसात सगळे जमून येत नाही. केरी-तेरेखोलच्या, इब्रामपूर-हसापूरच्या किंवा डिचोलीतल्या साळ-मेणकुऱ्याच्या मुलांची पायपीट तर याहून जास्त.

हे तास कुठून वजा होतात, ते पाहा. वर्गातले तास कमी होत नाहीत, ते ठरलेले असतात. वजा होतात ते तास सुटल्यानंतरचे. एम.ए., एम.एस्सी.चे निम्मे शिक्षण दुपारी चारनंतर होते, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणेन. वाचनालयात संदर्भ शोधत बसणे, प्रयोगशाळेत अर्धवट राहिलेला प्रयोग पुरा करणे, बाहेरून आलेल्या अभ्यासकाचे व्याख्यान, ते संपल्यावर चहा घेताना त्याला विचारलेला प्रश्न, सोबतच्या मुलामुलींशी रात्री उशिरापर्यंत चाललेला वाद. गावाकडे जाणारी शेवटची बस चुकू नये म्हणून पाच वाजता दप्तर उचलणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यातले फारसे येत नाही. पदवी त्यालाही मिळते, गुणही चांगले मिळतात. पण त्याच वर्गातल्या पणजी-ताळगावच्या मुलाला जे विद्यापीठ मिळाले, ते त्याला मिळालेले नसते.

स्कूटर आहे की, असे कोणी म्हणेल. गोव्यातल्या मुली स्कूटर झकास चालवतात, याचा मला अभिमान वाटतो. पण जून ते सप्टेंबर, अंधार पडल्यावर, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून, अवजड गाड्यांच्या मधून रोज यायचे म्हटले, तर कोणत्या आईबापांना झोप लागेल? मुलगा असेल तर घर ‘बघू या’ म्हणते आणि मुलगी असेल तर ‘लवकर निघ’ म्हणते. आज गोव्यातल्या महाविद्यालयांत मुली मुलांपेक्षा कमी नाहीत, बऱ्याच वर्गांत जास्तच आहेत. म्हणजे लवकर निघण्याचा भार त्यांच्यावर अधिक पडतो. म्हणून वसतिगृहाचा प्रश्न मला आधी मुलींचा प्रश्न वाटतो.

नद्यांचा उल्लेख आला, त्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. गोवा विद्यापीठ १ जून १९८५ रोजी सुरू झाले. त्याआधी मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत चालत असे. नवे विद्यापीठ जेमतेम वर्षाचे झाले आणि ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० साली खुला झालेला तो पूल म्हणजे पेडणे, बार्देश आणि डिचोली या तालुक्यांचा राजधानीकडे जायचा रस्ता होता. पुढची काही वर्षे, १९९२ साली नवा पूल तयार होईपर्यंत, बेती ते पणजी फेरीबोटीच्या रांगेत उभे राहणे उत्तरेकडच्या माणसांच्या नशिबी आले. विद्यापीठाच्या अगदी पहिल्या तुकड्यांतली पेडण्या-डिचोलीची मुले त्या रांगेत होती. पणजीत ज्याची आत्या-मावशी राहत होती, त्याचे निभावले. ज्याचे कोणी नव्हते, त्याला वसतिगृह कशाला हवे असते हे त्या पावसाळ्यात नेमके कळले असेल. आता कोलवाळला रुंद पूल आहे, मांडवीवर २०१९ सालापासून अटल सेतू आहे. आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळ्यामार्गे जाता येते, तसेच नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी आणि तिथून दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे हा डिचोलीकरांचा जुना मार्गही चालू आहे. रस्ते सुधारले, पण रात्रीच्या बसचे कोडे तसेच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न : पूर्वी मुले राहायची कुठे?

पोर्तुगीज काळात पणजीत लिसेव म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय होते (१८५४ पासून), वैद्यकीय शाळा होती (१८४२ पासून). पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, आणि शिक्षणाच्या बाबतीत ते कायम मागच्या बाकावर राहिले. पणजीला शिकायचे तर तिथे बिऱ्हाड किंवा नातेवाईक हवा. आणि ज्याला मराठी-इंग्रजीतून पुढे शिकायचे, त्याला सरहद्द ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई या चार वाटा. १९६१ पर्यंत गोव्यात आजच्या अर्थाने कला-विज्ञानाचे महाविद्यालयच नव्हते.

बाहेर गेलेल्या मुलांच्या राहण्याच्या तऱ्हा धर्मानुसार, जातीनुसार आणि ओळखीनुसार वेगवेगळ्या होत्या. ख्रिस्ती मुलांना मुंबईत गावाचे ‘कूड’ होते. धोबी तलाव, माझगाव भागांत गोव्याच्या गावागावांनी भाड्याने घेतलेल्या या जागा. भिंतीलगत एकावर एक रचलेल्या ट्रंका, मध्ये वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी, महिन्याला नाममात्र वर्गणी. जहाजाची वाट पाहणारा खलाशी, नोकरी शोधणारा तरुण आणि परीक्षेला बसलेला मुलगा एकाच खोलीत झोपत. गावाने आपल्या माणसांसाठी परमुलखात चालवलेली ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही, याचे वाईट वाटते. हिंदू मुले गिरगाव-परळच्या चाळीत गाववाल्याच्या खोलीत पथारी पसरत आणि जेवायला खानावळ गाठत.

पुण्यात ‘वार लावून जेवणे’ होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरी ठरवायचे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी माधुकरी किंवा उपास. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्याला गेले आणि पुढे काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. पाली आणि बौद्ध विद्येचा एवढा मोठा पंडित घडला तो शिकायच्या गावी पोटाची आणि पाठ टेकण्याची सोय रोज नव्याने शोधत. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मकथनात ते सारे आले आहे. तुमच्या मुलीला ते जरूर वाचायला द्या.

मात्र वार आणि माधुकरी या सोयी मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठी होत्या. बाकीच्यांना पुण्या-काशीत कोण जेवायला बोलावणार? ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांनी अचूक ओळखली. त्यांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे बोर्डिंग सुरू केले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने अगदी सुरुवातीला हाती घेतलेल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, साल १९२५. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ सालची. या माणसांनी आधी मुलाच्या अंथरुणाचा आणि भाकरीचा विचार केला, कारण नुसती शाळा काढून गरिबाचा मुलगा शाळेत येत नाही हे त्यांनी पाहिले होते.

गोव्यात मुक्तीनंतर वाट वेगळी निघाली, आणि तुमच्या घरच्यांच्या मताचे मूळ मला तिथे दिसते. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा नेल्या. त्याच सुमारास महाविद्यालये उघडली : १९६२ साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले, १९६३ साली म्हापशाला सेंट झेवियर्स. पुढे साखळीला सरकारी महाविद्यालय झाले. विर्नोड्याला झालेल्या महाविद्यालयाला आज संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. म्हणजे गोव्याने वर्ग विद्यार्थ्याच्या जवळ नेला. हे धोरण थोर होते. तुमची मुलगी घरी राहून, घरचे जेवून बी.ए. झाली, ती त्यामुळेच. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-आंबोलीकडच्या किती मुलींना बारावीनंतरच घर सोडावे लागते, ते त्या मुलींना विचारा.

पण हे धोरण पदवीपर्यंत पुरते. पदव्युत्तर विभाग, संशोधनाची प्रयोगशाळा, मोठे वाचनालय या गोष्टी तालुक्या-तालुक्यात वाटता येत नाहीत. तिथे विद्यार्थ्यालाच जावे लागते. आणि ‘आपल्याकडे सगळे जवळच’ ही पन्नास-साठ वर्षांत अंगवळणी पडलेली समजूत नेमकी त्या पायरीवर आड येते. वसतिगृह म्हणजे परराज्यातल्या मुलांची सोय, गोंयकाराला त्याची गरज काय, असे मग सरसकट बोलले जाते. दुरून आलेल्याला आधी जागा, हे न्याय्यच आहे. पण दूर किती हे अंतरावरून न ठरवता प्रवासाला लागणाऱ्या वेळेवरून ठरवावे, असे माझे मत आहे. मिरजेहून आलेली मुलगी रोज जाऊन-येऊन करूच शकत नाही, म्हणून तिची गरज उघड दिसते. केरीची मुलगी ते कसेबसे करू शकते, म्हणून तिची गरज झाकली जाते.

यामागे आणखी एक जुने कारण आहे, ते गोव्यापुरते नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर : विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचे काम महाविद्यालयांचे. अशा विद्यापीठाला मुलांच्या राहण्याची चिंता करायचे कारणच नव्हते. ऑक्सफर्ड-केंब्रिजची निवासी तऱ्हा आपल्याकडे आली ती उशिरा. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने (१९१७ ते १९१९) निवासी विद्यापीठांचा आग्रह धरला आणि १९२१ साली ढाका विद्यापीठ त्या कल्पनेवर सुरू झाले. तिथली एक पद्धत मला गोव्यासाठी अगदी योग्य वाटते. ढाक्यात प्रत्येक विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या ‘हॉल’शी जोडलेला असतो, मग तो तिथे राहो वा आपल्या घरून येवो. घरून येणाऱ्यालाही स्वतःचा हॉल असतो, तिथले वाचनालय, खेळ, कार्यक्रम त्याचे असतात. ताळगावच्या पठारावर, सतीश गुजरालांनी आखलेल्या त्या आवारात, पेडणे-डिचोली-सत्तरी-काणकोणच्या रोज ये-जा करणाऱ्या मुलांसाठी अशी जोड असती तर? परीक्षेच्या आठवड्यात, प्रयोग रेंगाळला त्या रात्री, किंवा पावसाने वाट अडवली तेव्हा पाठ टेकायला हक्काचा एक पलंग, दुपारी हातपाय धुवायला आणि डबा खायला एक खोली. यासाठी नवी इमारत पहिल्याच दिवशी लागत नाही.

खर्चाचे बोलतो. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ताळगाव, दोनापावल, सांताक्रूझ, बांबोळी या भागांत खोली शोधावी लागते. तिथे विद्यार्थ्याची गाठ नोकरदाराशी आणि पर्यटकाशी पडते. जी खोली आठवड्याच्या हिशेबाने पाहुण्यांना देता येते, ती घरमालक विद्यार्थ्याला वर्षभराच्या भाड्याने का देईल? पेडणेकरांना हे वेगळे सांगायला नको, मोरजी-मांद्रे-हरमलला हेच चालले आहे. डिचोलीची अडचण निराळी. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि ट्रक किंवा खाणीवरची नोकरी यांवर चाललेल्या घरांत मुलाच्या वेगळ्या खोलीचे भाडे हा पहिल्यांदा कापला जाणारा खर्च ठरला. महाराष्ट्रात सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम थेट खात्यात मिळते. गोव्यानेही दूरच्या तालुक्यांतल्या गरजू मुलांसाठी, जात न बघता, असे काही करावे असे मला मनापासून वाटते.

आणि वारे उलटेही वाहू लागले आहे. पेडण्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी राहिली, तिचे उद्घाटन मोपाच्या विमानतळाबरोबर एकाच दिवशी, ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आता केरळ-राजस्थानची मुले पेडण्यात खोल्या शोधू लागली, तर त्यांच्याशी आपण कसे वागतो ते दिसेल. ज्या मनोहर पर्रीकरांचे नाव त्या विमानतळाला दिले आहे, ते म्हापशाचे पर्रीकर मुंबईच्या आयआयटीच्या वसतिगृहात राहूनच १९७८ साली अभियंते झाले. म्हापसा-मुंबई अंतर मोठे, म्हणून तेव्हा कोणी त्यांना ‘वसतिगृह कशाला?’ असे विचारले नसेल.

तेव्हा मुलीला अर्ज करू द्या. चतुर्थीला आणि पेडण्याच्या पुनवेला ती घरी येईलच, शनिवार-रविवारही घर तिचेच आहे. जागा मिळाली नाही तर निदान पहिले सत्र तरी खोली घेऊन काढता येते का ते पाहा, कारण विषयाची, शिक्षकांची आणि वाचनालयाची ओळख त्याच महिन्यांत होते.

प्रश्न : मुलाला विद्यापीठाजवळ ‘पीजी’ म्हणून ठेवायचे आहे. काय पाहून जागा ठरवावी? आणि या भाड्यावर जीएसटी लागतो का? — एक वाचक, कारापूर (डिचोली)

उत्तर : जीएसटीचे आधी. २०२३ साली काही निवाड्यांमुळे खासगी वसतिगृहांवर बारा टक्के कर लागेल अशी धास्ती होती. जून २०२४ च्या जीएसटी परिषदेत ठरले, की माणशी महिना वीस हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या मुक्कामावर तो लागणार नाही. विद्यार्थ्यांच्या बहुतेक खोल्या यात बसतात. कोणी कराच्या नावाखाली वर पैसे मागितले, तर ही अट दाखवा.

जागेचे म्हणाल, तर दिवसा पाहू नका, रात्री आठ वाजता जा. रस्त्यावर दिवे आहेत का, बसथांब्यावरून किती चालावे लागते, मेसमध्ये त्या वेळी कोण जेवते आहे, ते दिसेल. पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, हे तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलाला विचारा, मालकाला नको. विहिरीचे पाणी की नळाचे, आणि मे महिन्यात ते किती वेळ असते? भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे मालकाच्या अंगावर असते, ते झाले आहे याची खात्री करा. रॅगिंगविरोधी नियम (विद्यापीठ अनुदान आयोग, २००९) आवाराबाहेरच्या वसतिगृहांतल्या प्रकारांनाही लागू आहेत. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ ही देशभराची दूरध्वनी सेवा चालते, हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून द्या. अनामत रक्कम दिलीत तर ती परत केव्हा आणि काय कापून मिळेल, हे दोन ओळींत लिहून घ्या आणि पावतीवर मालकाची सही घ्या.